उपचार कोणी करावा?

आपल्या देशात वैद्यकीय सोयींचा विषय निघाला म्हणजे रुग्णालये किती, खाटा किती, पदवीधर डॉक्टर किती, ही मोजदाद प्रथम पुढे येते. ती निरुपयोगी आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु तिच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला असतो आणि तो बहुधा कोणी उघडपणे विचारीत नाही. आजारी माणूस आणि शिकलेला डॉक्टर ह्यांच्या दरम्यान आठ-दहा कोसांची वाट, एक नदी आणि भर पावसाळा असेल, तर मधल्या वेळात उपचार कोणी करावा? कोणीच करू नये, की जो कोणी जवळ असेल त्याला शिकवून त्याने करावा? ह्या प्रश्नाने आपल्याकडील वैद्यकीय शिक्षणाला गेली ऐंशी वर्षे सतावले आहे. त्याचे उत्तर पुष्कळदा मताने देण्यात आले. मोजून देण्याचा प्रसंग फार थोड्या वेळा आला. त्यांतला सर्वांत ठळक प्रसंग महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला, गडचिरोलीच्या जंगलात घडला.

ह्या कथेचा आरंभही एका महाराष्ट्रीय माणसापासूनच होतो, हा एक योगायोगच होय. सर जोसेफ भोर ह्यांचा जन्म १८७८ साली नाशिकला झाला व शिक्षण पुण्यास झाले. सनदी नोकरीत मोठमोठ्या हुद्द्यांवर काम करून ते निवृत्त झाले होते. महायुद्ध चालू असतानाच, १९४३ च्या ऑक्टोबरात, देशाच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठी सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिचा अहवाल १९४६ साली बाहेर आला. त्या अहवालातील आकडे आज वाचतानाही मन विषण्ण होते. १९३७ साली जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १६२ मुले वर्षाच्या आत दगावली होती. दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, तर परिचारिका दर ४३,००० माणसांमागे एक. देशात नोंदलेले डॉक्टर सुमारे ४७,५०० होते आणि त्यांतले जवळजवळ ३०,००० पदवीधर नव्हतेच. ते ‘लायसेन्शिएट’ होते, म्हणजे वैद्यकीय शाळेत थोड्या मुदतीचा अभ्यासक्रम पुरा करून परवाना मिळविलेले. पुण्याची १८७८ साली निघालेली बी. जे. मेडिकल स्कूल ही अशीच एक शाळा. तालुक्याच्या गावी जो ‘डॉक्टर’ भेटे तो बहुतकरून ह्याच वर्गातला असे.

ह्या वर्गाचे पुढे काय करावयाचे, ह्यावर समितीत मतभेद झाला. बहुमत असे पडले की देशात यापुढे एकाच प्रतीचा, साडेपाच वर्षे शिकलेला डॉक्टर तयार व्हावा. खेड्यासाठी हलक्या प्रतीचा आणि शहरासाठी उंची प्रतीचा असा भेद असू नये. आणि जो काही पैसा आहे तो ह्या एका कामी लावावा. काही सभासदांनी विरुद्ध मत नोंदविले: डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना आहेत त्या शाळा बंद करणे परवडणारे नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही बाजूंची माणसे जाणती होती, दोन्ही बाजूंची कळकळ खरी होती. बहुमताच्या युक्तिवादात तर एक न्यायबुद्धीही होती. खेडुताने दुय्यम औषधावर समाधान का मानावे? पण एका गोष्टीची चौकशी कोणत्याच बाजूने केलेली दिसत नाही. लायसेन्शिएटच्या हाताखाली किती रोगी बरे होतात, पदवीधराच्या हाताखाली किती होतात, आणि ज्यांना दोघांपैकी कोणीच मिळत नाही त्यांचे काय होते, ह्याची तुलना करून पाहावी असे कोणाच्या मनात आले नाही. वाद प्रतिष्ठेचा, खर्चाचा आणि तत्त्वाचा झाला. हिशेबाचा झाला नाही. बहुमताप्रमाणे शाळांची महाविद्यालये होत गेली. पुण्याची शाळा अहवालाच्याच वर्षी, १९४६ साली, महाविद्यालय झाली. उंच प्रतीचा डॉक्टर निर्माण झाला खरा, पण तो बहुधा शहरात राहिला.

भोर समितीच्या आराखड्यात एक लहानशी ओळ मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. चाळीस हजार वस्तीसाठी जे प्राथमिक आरोग्य केंद्र सुचविले होते, त्याच्या नोकरवर्गात दोन डॉक्टर, काही परिचारिका व सुइणी ह्यांच्या जोडीला चार ‘शिकविलेल्या दाया’ धरल्या होत्या. गावातली बाई अशा रीतीने यादीत आली. पण अगदी शेवटी, आणि हंगामी म्हणून.

स्वातंत्र्यानंतर तीस वर्षांनी लंबक उलट बाजूला गेला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी केंद्र सरकारने गावोगाव आरोग्य-सेवक नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिने शिक्षण आणि महिना पन्नास रुपये मानधन. नेमणुका झाल्या त्या बव्हंशी पुरुषांच्या. बाळंतिणीच्या खोलीत ज्याला पाऊल टाकता येत नाही तो तान्ह्या मुलांचे काय रक्षण करणार, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती. योजना काही वर्षांत निस्तेज झाली आणि ‘अडाणी माणसांच्या हाती आरोग्य देण्याचा परिणाम पाहा’ असे म्हणणाऱ्यांना आयतेच साधन मिळाले. वस्तुतः तीतही काहीच मोजून पाहिलेले नव्हते. १९४६ साली जे एका मताने नाकारले तेच १९७७ साली दुसऱ्या मताने स्वीकारले, एवढाच काय तो फरक.

मोजून पाहणारी माणसे त्याच सुमारास इतरत्र कामाला लागली होती. पंजाबात लुधियान्याजवळ नारंगवाल नावाच्या गावी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे डॉ. कार्ल टेलर ह्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत एक मोठा अभ्यास चालविला. तेथे साध्या साहाय्यक परिचारिकांनी मुलांच्या न्यूमोनियावर पेनिसिलिनची इंजेक्शने दिली आणि त्याचा गुण आला, असे त्या अभ्यासातून दिसून आले. १९७४ साली तो प्रकल्प बंद पडला.

दुसरा प्रयत्न नगर जिल्ह्यातील जामखेडचा. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरचे पदवीधर. हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते १९७० साली ह्या दुष्काळी तालुक्यात आले. त्यांनी प्रथम शिकलेल्या परिचारिका गावांत ठेवून पाहिल्या. ते जमले नाही. तरुण, परगावची, एकटी राहणारी नर्स आणि गावच्या बायका ह्यांचे सूत जुळेना. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे असे ठरले. निवडलेल्या बायकांत कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजाच्या होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडला येत, एकत्र राहत, एकत्र जेवत, शिकत आणि परत जात. १९७१ साली त्या भागात हजारी १७६ असलेले अर्भकांच्या मृत्यूचे प्रमाण पुढे झपाट्याने खाली आले. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडवर स्वतंत्र प्रकरण होते, आणि १९७८ साली अल्मा-आता येथील परिषदेने प्राथमिक आरोग्याची जी घोषणा केली तिच्यामागे अशाच कामांचे बळ होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पारितोषिक मिळाले. तरीही शंकेखोराला बोट ठेवायला जागा होतीच. हा आरोळ्यांच्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव कशावरून नव्हे? दुष्काळ सरला, विहिरी झाल्या, रस्ते आले, म्हणून मुले वाचली असे कशावरून नाही? शेजारी तशीच गावे हाताशी धरून दोहोंची तुलना केली असती तरच ह्या शंकेला उत्तर मिळते.

गडचिरोलीचे वैशिष्ट्य ते हेच.

चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. दाट जंगल, गोंड व इतर आदिवासींची वस्ती, भाताची शेती, आणि पावसाळ्यात तुटणारे रस्ते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दोघे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. हॉपकिन्सला, म्हणजे ज्या विद्यापीठात डॉ. टेलर शिकवीत तेथेच, सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन १९८६ साली त्यांनी ह्या जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था काढली. अमेरिकेला जाण्यापूर्वीच, शेतमजुरांचे किमान वेतन ठरविताना सरकारी समितीने धरलेला हिशेब तपासून त्यातील चुका अभय बंगांनी दाखविल्या होत्या. आकडा हे गरिबाचे शस्त्र होऊ शकते हा धडा त्यांना वैद्यकीच्या आधी मजुरीने शिकविला, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पहिले मोठे काम राणी बंगांचे. दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून त्यांनी १९८९ साली ‘लॅन्सेट’ ह्या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केला: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी कोणता ना कोणता रोग होता, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या केवळ आठ टक्के. तोवर खेड्यातील स्त्री म्हणजे गर्भारपण आणि कुटुंबनियोजन ह्यापलीकडे सरकारी दप्तरात काही नव्हते. हा विषय स्वतंत्र भाषणाचा आहे.

मुलांच्या मृत्यूंचा हिशेब सुरू झाला तेव्हा सर्वांत मोठा मारेकरी निघाला तो न्यूमोनिया. आया त्याला ‘डब्बा’ म्हणत. औषध साधे होते, स्वस्त होते, तोंडाने देण्याजोगे होते. अडचण होती ती ओळखण्याची. मूल नुसते पडशाने बेजार आहे की त्याच्या छातीत रोग शिरला आहे, हे डॉक्टर नळी लावून ठरवितो. नळी नसेल तर? त्यावर तोडगा असा की श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आतील मूल मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक आणि वर्षाच्या आतले मोठे मूल पन्नास किंवा त्याहून अधिक श्वास घेऊ लागले, की न्यूमोनिया समजावा. पण ज्या दाईला पन्नासपर्यंत मोजता येत नाही तिने काय करावे? तिच्यासाठी गडचिरोलीत एक साधन तयार करण्यात आले: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वी शेवटचा तांबडा मणी सरकला तर औषध द्यायचे. एवढेच! हे साधन दिसायला बालवाडीतल्या पाटीसारखे आहे. परंतु त्याच्या पाठीशी जो विचार आहे तो लहान नव्हे. शिकणाऱ्याला विद्येच्या मापाचे करण्याऐवजी विद्येलाच शिकणाऱ्याच्या मापाचे केले, हा तो विचार.

१९८८-८९ च्या वर्षात ५८ गावांत आरोग्य-सेवक, गावातले कार्यकर्ते आणि दाया ह्यांनी मिळून मुलांच्या न्यूमोनियाचे ६१२ रोगी हाताळले. त्यांतले ०.८ टक्के दगावले. शेजारच्या ज्या गावांत ही सोय नव्हती आणि केवळ नोंद ठेवली जात होती, तेथे हेच प्रमाण १३.५ टक्के होते. हा निबंध १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. पुढे दायांनी केलेले उपचार आणि अधिक शिकलेल्या सेवकांनी केलेले उपचार ताडून पाहिले, तेव्हा तिन्ही गटांच्या हाती मृत्यूचे प्रमाण जवळजवळ सारखेच भरले. भोर समितीच्या दालनात १९४६ साली जी तुलना झाली नव्हती ती अशा रीतीने चव्वेचाळीस वर्षांनी एका जंगलात झाली. पदवीधर डॉक्टरचे महत्त्व तिने कमी केले नाही. पण एका विशिष्ट रोगात, एका विशिष्ट ठिकाणी, जवळ असलेली दाई ही दूर असलेल्या डॉक्टराहून कामाची ठरते, हे मात्र तिने आकड्यांनी दाखविले.

तरीही मुले मरत होतीच, आणि मरणारी मुले अधिकाधिक लहान होती. महिन्याच्या आतली. ज्यांचे अजून बारसेही झालेले नसे अशी. न्यूमोनियाचे औषध त्यांना पुरे पडत नव्हते.

नवजात अर्भक हा त्या वेळी खेड्यातील वैद्यकाचा विषयच मानला जात नसे. पुस्तकांत त्याच्या उपचाराचे एकच ठिकाण सांगितलेले असे: रुग्णालयातील विशेष विभाग, उबेची पेटी, शिरेतून औषध, प्रशिक्षित परिचारिकांचा पहारा. गडचिरोलीतील बाळ मात्र घराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात जन्मे. पोटातले मूल मोठे झाले तर सुटका अवघड होईल ह्या भीतीने आई गरोदरपणात कमी जेवलेली असे. पहिले दूध टाकून देण्याची रीत होती. बाळ दूध ओढेनासे झाले, त्याचे रडणे क्षीण झाले, हातपाय लुळे पडले, तरी त्याला घेऊन बाहेर पडण्याचा रिवाज नव्हता. आणि पडले तरी जायचे कोठे?

१९९३ ते १९९५ अशी दोन वर्षे ३९ गावांत आणि तुलनेसाठी निवडलेल्या आणखी ४७ गावांत जन्ममृत्यूंची काटेकोर नोंद करण्यात आली. दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून ती पुन्हा पडताळली जाई, कारण बाराव्या दिवसाआधी गेलेले मूल सरकारी वहीत बहुधा चढतच नाही. ह्या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ बाळे महिन्याच्या आत जात होती. मग प्रत्येक गावातून पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेली एक बाई निवडण्यात आली. पुढे ह्या बायकांना ‘आरोग्यदूत’ हे नाव पडले. १९९५-९६ च्या पहिल्या वर्षात त्यांचे मुख्य काम होते पाहणे आणि लिहिणे: बाळ जन्मताना हजर राहायचे, वजन करायचे, ताप पाहायचा, श्वास मोजायचे, पुन्हापुन्हा घरी जायचे आणि दिसेल ते कागदावर उतरवायचे. अशी ७६३ बाळे त्यांनी पाहिली. घरी जन्मलेल्या बाळांचे पहिले अठ्ठावीस दिवस इतक्या बारकाईने पूर्वी क्वचितच कोणी टिपले असतील. सुमारे निम्म्या बाळांना जिवावर बेतणारे दुखणे झाले. ५४ टक्के बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती. प्रत्यक्षात ते मिळाले २.६ टक्के बाळांना. ह्या दोन आकड्यांमधले अंतर हाच ह्या सगळ्या प्रकरणाचा गाभा.

पुढील वर्षी खरा वादाचा भाग आला. जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाच्या घशातला चिकटा नळीने ओढणे आणि त्याला श्वास देणे. कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवून आईच्या अंगावर पाजणे. आणि जंतुदोष झालेल्या बाळाला जेन्टामायसिनचे इंजेक्शन देणे, ही कामे ह्या बायकांना शिकविण्यात आली. शेवटच्या गोष्टीने अनेकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. औषध जपून वापरावयाचे. मात्रा चुकली तर कान आणि मूत्रपिंडे जायची भीती. सुई टोचायची ती दोन-अडीच किलोच्या जिवाला. आणि ती कोणी टोचायची? सातवी झालेल्या शेतकरणीने! ह्या भीतीला नुसता वरिष्ठपणाचा दर्प म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. आपल्या देशात सुईचा जो अविचारी बाजार खेडोपाडी मांडला गेला आहे तो पाहता सावध राहणे हे डॉक्टरचे कर्तव्यच होते.

म्हणून नियम कडक ठेवले होते. ठराविक लक्षणांची यादी; त्यांतली दोन एकदम दिसली तरच जंतुदोष समजायचा. प्रथम आईबापांना सांगायचे की बाळाला रुग्णालयात न्या. ते नाही म्हणाले, आणि बहुधा ते नाहीच म्हणत, तरच त्यांची लेखी संमती घेऊन घरी उपचार करायचे. प्रत्येक सुईची, प्रत्येक मात्रेची नोंद; आणि देखरेख करणाऱ्याने वारंवार येऊन ती तपासायची. शिक्षण म्हणजे आरंभी दिलेली व्याख्याने नव्हेत, तर वर्षानुवर्षे चाललेली उजळणी होय, हे ह्या पद्धतीचे दुसरे अंग. आणि दुर्दैवाने अनुकरण करणाऱ्यांच्या नजरेतून नेमके तेच निसटते.

निकाल १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १९९७-९८ ह्या तिसऱ्या वर्षी, ३९ गावांत महिन्याच्या आतील मृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून २५.५ वर आले होते. तुलनेच्या गावांत ते साठाच्या आसपास जेथल्या तेथे राहिले. दोहोंचा मेळ घालता घट ६२ टक्के. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी १६.६ टक्के दगावत. आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर २.८ टक्के. दर बाळामागे खर्च आला सव्वापाच डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने दोनशे रुपयांच्या जवळपास. आणि सेवा मिळालेल्या दर अठरा बाळांमागे एक मृत्यू टळला.

टीकाकारांनी उणीवा दाखविल्या त्याही खोट्या नव्हत्या. गावे चिठ्ठ्या टाकून वाटलेली नव्हती; क्षेत्र लहान होते; आणि जामखेडविषयी घेतली गेली तीच शंका येथेही घेतली गेली, की बंग दांपत्य तेथे आहे म्हणून हे घडते. ह्याला उत्तर एकच असू शकते: त्यांच्याविना करून पाहणे. महाराष्ट्रातील सात ठिकाणी निरनिराळ्या संस्थांनी ‘अंकुर’ नावाने तोच क्रम राबविला, त्यांतल्या एका ठिकाणी तर शहरी झोपडपट्टी होती. तेथेही मृत्यू निम्म्यावर आले. बांगलादेशात सिल्हेट जिल्ह्यामध्ये, चिठ्ठ्या टाकून क्षेत्रे वाटून, वेगळ्याच संशोधकांनी केलेल्या प्रयोगात ३४ टक्के घट आढळली. तो निबंध २००८ चा. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांनी संयुक्त निवेदन काढून नवजात बाळाच्या घरी जाऊन त्याची काळजी घ्यावी अशी शिफारस सर्व देशांना केली.

मधल्या काळात घरचा हिशेबही निघाला होता. २००१ साली महाराष्ट्रातील अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून आपापल्या भागातील बालमृत्यू मोजले आणि ‘कोवळी पानगळ’ ह्या नावाने अहवाल काढला. सरकारी वह्यांत नोंदलेल्या मृत्यूंपेक्षा खरे मृत्यू कितीतरी अधिक आहेत, असे त्यातून दिसले. वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळात त्यावर बरेच वादळ उठले. मेलेले मूल वहीत नसेल तर त्याच्यासाठी औषधही मंजूर होत नाही, हे साधे सत्य पुण्यामुंबईच्या वाचकापर्यंत त्या निमित्ताने पोहोचले.

छत्तीसगडने २००२ साली ‘मितानिन’ नावाने गावोगाव बायका नेमल्या होत्या. २००५ साली केंद्र सरकारने ‘आशा’ ह्या नावाने तीच कल्पना देशभर नेली. १९७७ ची एक चूक तरी ह्या वेळी टळली: निवड बायकांचीच झाली. २०११ साली नवजात बाळाची घरपोच काळजी हा आशांच्या कामाचा भाग झाला. बाळाचे वजन, ताप, ऊब, पाजणे, नाळेची स्वच्छता, धोक्याची लक्षणे ओळखणे आणि तसे दिसल्यास रुग्णालयात पाठविणे, असा तो क्रम. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे दीड महिन्यात सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात. गडचिरोलीच्या जंगलात तयार झालेला पाठ असा लाखो स्त्रियांच्या हाती गेला.

पण सगळा पाठ गेला नाही. सुई वगळण्यात आली. गडचिरोलीच्या संशोधकांनी वाचलेल्या बाळांचा हिशेब कारणांप्रमाणे मांडला होता, तो असा: टळलेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के जंतुदोषावरील उपचारांमुळे, ३४ टक्के कमी वजनाच्या बाळांच्या जपणुकीमुळे, १९ टक्के जन्मतः गुदमरलेल्यांना श्वास दिल्यामुळे, उरलेले इतर कारणांनी. देशाने ऊब आणि दूध घेतले, जंतुदोषाच्या वाट्याला मात्र ‘रुग्णालयात पाठवा’ हा निरोप ठेवला. त्याला एक समर्थन होते, आणि ते लंगडे नव्हते. १९९६ आणि २०११ ह्यांच्या दरम्यान रस्ते सुधारले, गाड्या आल्या, जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात बाळांचे विभाग निघाले. जेथे रुग्णालय तासाभरावर आहे तेथे घरी सुई टोचण्याचे कारण नाही. शिवाय शे-दोनशे बायकांवर जशी देखरेख ठेवता येते तशी लाखोंवर ठेवता येईल काय, ही शंका रास्तच होती. मात्र ज्या गावांतून तासाभरात रुग्णालय येत नाही, आणि अशी गावे एकट्या गडचिरोलीतच नाहीत, त्यांच्यापुरता तरी वेगळा नियम करावा असे त्या वेळी ठरले नाही. मोजलेले उत्तर हाती असतानाही निर्णय पुन्हा मतानेच झाला, असे इतिहासकाराला नोंदवावे लागेल.

२०१४ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने नवी मार्गदर्शक सूचना काढली. जंतुदोष झालेल्या लहानग्याला रुग्णालयात हलविण्यापूर्वी, किंवा आईबाप हलवावयास तयार नसतील अथवा हलविणे शक्य नसेल अशा प्रसंगी, उपकेंद्रातील परिचारिकेने जेन्टामायसिनचे इंजेक्शन द्यावे अशी मुभा तीत होती. आशेने बाळाला परिचारिकेकडे न्यावयाचे आणि सुई परिचारिकेने टोचावयाची. एकोणचाळीस गावांतल्या शेतकरणींनी तीच सुई अठरा वर्षांपूर्वी हाती घेतली होती.